तपासले, ठीक

फॉर्मवर पहिली सही पडली ती सासऱ्यांची, आणि तीही निव्वळ सवयीनं.

शनिवारी सकाळी डाव्या हातात चहाचा कप आणि उजव्या हातात पेन घेऊन आठवड्याच्या कागदांचा फडशा पाडायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. घरचा लिफ्टचा कारखाना, आणि एका लिफ्टचा एक कागद. दोर, ब्रेक, दार, घंटा, दिवा, तळाचा खड्डा. समोर खुणा, खाली 'तपासले, ठीक', त्याखाली सही, की पुढचा कागद. त्या सकाळी सतरा लिफ्टच्या गठ्ठ्यात अठरावा कागद निघाला. त्यावर एकही खूण नव्हती हे त्यांना दिसलं नाही, कारण चष्मा कपाळावर होता. त्यांनी 'तपासले, ठीक' लिहिलं, सही ठोकली, आणि शिक्का मारायला कागद जवळ ओढला तेव्हा कुठे वरची ओळ डोळ्यांत शिरली.

"'गरोदरपणातील मनाची विचारपूस'," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "ही कुठली इमारत?"

आत्याबाई त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण दुसऱ्याच्या कागदात डोकावायची खोड काही सुटली नव्हती. "दादा, इमारत नाही ही," त्या म्हणाल्या. "तुझी धाकटी सून आहे. आणि तू तिला पास केलंयस."

धाकटी चार पावलांवर फोनच्या टेबलाशी बसली होती. तिच्या हातातलं बिस्किट चहात पडलं आणि तिथेच राहिलं.

कागद तिनंच त्या गठ्ठ्यात लपवला होता. या घरात कपाट उघडताना कुणी विचारत नाही, उशीखाली सासूबाई चादर ओढायला हात घालतात, आणि नवरा किल्ली हरवली की आधी तिची पर्स उलटी करतो. जगात कुणीच कधी वाचत नाही असा एकच कागद तिला ठाऊक होता, सासऱ्यांच्या सहीला आलेला. शुक्रवारी संध्याकाळी गुपचूप काढून घ्यायचा होता. राहून गेलं. सातव्या महिन्यात काय राहून जाईल याचा नेम नसतो. परवा तिनं चष्म्याचं घर फ्रीजमध्ये ठेवलं होतं आणि लोणी पर्समध्ये.

"बाबा, तो माझा आहे," ती उठत म्हणाली. "दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दिलाय. आज चार वाजता परत न्यायचाय. मी एकटीनं भरायचाय."

"एकटीनं?" सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "सूनबाई, एकट्यानं तपासलेली लिफ्ट आपण कधी चालू केलीय? एक तपासणारा, एक साक्षीदार. दोन सह्या. आता माझी एक होऊन बसलीय. अर्धवट कागद या कारखान्याबाहेर जात नाही."

"पण बाबा, मी लिफ्ट नाही."

"तेच म्हणतोय मी. लिफ्टची एवढी काळजी घेतो, तर तुझी किती घ्यायला हवी."

माणूस प्रेमानं चुकत असला की त्याला अडवायला जागाच सापडत नाही.

*

फोनशेजारचं जेवणाचं टेबल म्हणजे एका जुन्या लिफ्टचं दार होतं, त्याला चार पाय लावलेले. मधोमध अजून पितळी पाटी होती: 'चार माणसांपेक्षा जास्त नको'. त्याभोवती आता सहा जण बसले. थोरले दोघं परगावच्या कामावर होते म्हणून, नाहीतर आठ झाले असते. सासरे मधोमध. आत्याबाई त्यांच्या उजवीकडे, अंबाड्यात खोचलेलं लाल पेन काढून तयारीत. सासूबाई समोर, भांडारातून तशाच उठून आलेल्या, पदराला ग्रीसचा डाग आणि मुठीत चार नट. धाकटीचा नवरा लग्नाच्या मांडवात बसल्यासारखा ताठ. आणि कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीवर आजोबा, या सगळ्याचे मूळ पुरुष, डोळे मिटून. ते झोपलेत की ऐकताहेत याचा अंदाज घरात आजवर कुणालाही बरोबर आला नव्हता.

"प्रश्न पहिला," आत्याबाईंनी वाचलं. "'गेल्या आठवड्यात तुम्हाला मनापासून हसू आलं का?'"

"आलं," नवरा म्हणाला. "मंगळवारी. मी कपाटाच्या दारावर डोकं आपटलं तेव्हा."

"ती रडत होती रे," सासूबाई म्हणाल्या.

"हसत होती. खांदे हलत होते तिचे."

"रडतानाही खांदेच हलतात. कान हलतात का?"

"साक्षीदार कोण?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीच होतो," नवरा म्हणाला. "पण मला तारे दिसत होते."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिला आठवेना. आधी हसू आलं होतं, मग त्याच्या टेंगळाकडे पाहून रडू, आणि मध्ये कुठे सांधा होता ते तिलाही सांगता आलं नसतं. ती तोंड उघडेपर्यंत आत्याबाईंनी 'अंशतः' असं लिहून टाकलं होतं.

"दुसरा. 'झोप पुरेशी लागते का?'"

"लागते. घोरते," नवऱ्यानं माहिती दिली.

"घोरतोस तू. ती जागी असते म्हणून तर तिला माहितीय," सासूबाई म्हणाल्या, आणि आत्याबाईंनी जन्मात पहिल्यांदा भावजयीच्या बोलण्यावर मान डोलावली.

तिसरा प्रश्न विनाकारण रडू येण्याचा होता, आणि तिथे गाडी चांगलीच अडली. सासूबाईंचं म्हणणं, सून विनाकारण एकदाही रडलेली नाही. सोमवारी ती रडली ते सहाच्या संचातला एक चमचा हरवून पाच उरले म्हणून. बुधवारी साबणाच्या जाहिरातीतल्या म्हाताऱ्याला कुणी भेटायला येत नव्हतं. गुरुवारी नवऱ्याचा मोजा वाळत घालताना त्याला अंगठ्याशी भोक दिसलं.

"मोज्याला भोक हे कारण झालं का, वहिनी?" आत्याबाई म्हणाल्या.

"तुम्ही तो मोजा पाहिला नाहीत, वन्सं. मलाही भरून आलं होतं."

"मी सकारण आणि विनाकारण असे दोन रकाने पाडते. चमचा कुठे टाकू?"

"चमचा सकारण," सासऱ्यांनी निकाल दिला. "संच मोडला की वाईट वाटतंच. जाहिरात विनाकारण. मोजा... मोज्यावर मतदान घेऊ."

मोजा तीन विरुद्ध एक असा सकारण ठरला. आजोबांचं मत झोपेत धरलं गेलं.

धाकटी ऐकत होती. तिला या सगळ्यांचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता, याचाही तिला थोडा राग आला. ही माणसं तिचा चमचासुद्धा लक्षात ठेवून होती. आणि तरी प्रश्न जसजसे पुढे सरकत होते तसतशी तिची नजर पुन्हा पुन्हा नवव्या प्रश्नाच्या आकड्याकडे जात होती.

बाकीचे अकरा प्रश्न तिनं केव्हाच भरले असते. नवव्यापाशी ती गेले पाच दिवस पेन उघडून बंद करत होती. 'बाळाचा विचार मनात आला की तुम्हाला काय वाटतं?' खाली दोन कोऱ्या ओळी. तिला काय वाटत होतं ते दोन ओळींत काय, दोन शब्दांतही मावलं असतं: काही नाही. बाळ लाथा मारायचं तेव्हा सगळे हात लावायला धावत, डोळे पुसत. आणि तिला वाटायचं, शेजारच्या घरात कुणीतरी खिळा ठोकतंय. कोण आहे, काय टांगतंय, आपल्याला काय त्याचं? आणि मग तिला स्वतःची अशी भीती वाटायची की त्यानंतर ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायची. नर्सबाईंनी कागद देताना म्हटलं होतं, "दर वेळी हसत हसत येणाऱ्यांना मी हा आधी देते." तेव्हाही ती हसलीच होती.

"पाचवा," आत्याबाई म्हणाल्या. "'घरातल्या माणसांचा आधार वाटतो का?'"

टेबलाभोवती सगळे एकदम सरळ बसले.

"मी तिच्यासाठी रोज फळं कापतो," नवरा म्हणाला.

"आणि साली बेसिनमध्ये टाकतोस," सासूबाई म्हणाल्या. "मी तिचे पाय दाबायला गेले तर ही 'नको, आई' म्हणाली. तरी दाबले."

"मी तिला गरोदरपणावरची चार पुस्तकं दिली," आत्याबाई म्हणाल्या.

"वन्सं, त्यातल्या एकात मांजरींबद्दल होतं."

"तत्त्व तेच असतं, वहिनी."

तेवढ्यात फोन वाजला.

हा फोन म्हणजे कारखान्याचं नाक. गावात त्यांची कुठलीही लिफ्ट अडकली आणि आतल्यानं लाल बटण दाबलं की तो शेजारच्या फोनच्या टेबलावर खणखणायचा, आणि तो धाकटीनंच उचलायचा असा दोन वर्षांपासूनचा नियम होता. त्याआधी एकदा सासूबाईंनी उचलला होता. आतल्या माणसानं "मी अडकलोय" म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मग जिन्यानं का नाही गेलात?" त्या इमारतीचं काम नंतर दुसऱ्या कंपनीला गेलं.

धाकटीनं रिसीव्हर उचलला आणि तिचा आवाज बदलला. सैल झाला, उबदार झाला.

"नमस्कार. तुम्ही पडणार नाही आहात. हवा भरपूर आहे. दार हातानं उघडू नका. मी इथेच आहे, फोन ठेवणार नाही. आता तुम्हाला काय काय दिसतंय ते मला सांगा."

पलीकडून एक माणूस धापा टाकत बोलला. त्याला फक्त सोफा दिसत होता. त्यानं सोफा उभा करून लिफ्टमध्ये घातला होता, स्वतः त्याच्या मागे शिरला होता, आणि आता तो भिंत आणि सोफा यांच्यामध्ये होता. बटण त्यानं कोपरानं दाबलं होतं.

"सोफ्याचा रंग कसा आहे?" धाकटीनं विचारलं.

"हिरवा."

"साधा हिरवा की फुलाफुलांचा?"

"फुलाफुलांचा. बायकोची आवड. मला मुळात नकोच होता हो."

"हं. फुलं मोजा बरं. सावकाश. मी आहे."

नवऱ्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि तो निघाला. अकरा मिनिटं ती त्या माणसाशी बोलत राहिली. एकशे चार फुलांवर त्याचा श्वास जागेवर आला. पहिली दोन मिनिटं खोलीतले सगळे गप्प राहून ऐकत होते, घरातली लेक व्यासपीठावर गात असावी तसे. मग नवऱ्याचा आवाज लिफ्टच्या दाराशी ऐकू आला, तिनं रिसीव्हर ठेवला, हात कपाळावरून फिरवला, आणि मागे वळली.

तिच्या अकरा मिनिटांत बाकीच्यांनी वेळ वाया घालवला नव्हता. आत्याबाई लिहीत होत्या.

"अपार आनंद," त्या म्हणाल्या.

"अपार नको, वन्सं. दिखाऊ वाटतं. नुसता आनंद लिहा."

"नुसता आनंद कोण लिहितं? पहिलं बाळ आहे."

"'भरपूर' लिहा," सासरे म्हणाले.

"ते हवेबद्दल म्हणतात, दादा."

"कितवा प्रश्न?" धाकटीनं विचारलं.

"नववा. त्यात काय विचारायचंय, सगळ्यांना ठाऊकच आहे." आत्याबाईंनी 'अपार'खाली लाल रेघ ओढली आणि साक्षीदाराच्या जागी सही केली. "झालं. आता पुढचे तीन किरकोळ आहेत."

धाकटी हसली. सवयीनं, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. "आलेच हं मी," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

*

या घराच्या आजोबांनी गावभर लिफ्ट बसवल्या, पण स्वतःच्या घरी बसवली नाही. घर बांधताना जागा सोडली होती, खाली छातीएवढा खड्डाही खणून घेतला होता. मग गिऱ्हाइकांची कामं आधी, आपलं नंतर, असं करत करत पंचेचाळीस वर्षं गेली. खड्डा तसाच राहिला. भांडाराच्या मागे, वर फळी आणि आत उतरायला चार पायऱ्यांची लाकडी शिडी. त्यात आता लिफ्टच्या खड्ड्यांमध्ये सापडलेल्या वस्तूंची खोकी ठेवत, कारण दार आणि मजला यांच्यामधल्या फटीतून सगळ्या जगाच्या वस्तू खाली पडतात: किल्ल्या, एकेक कर्णफुलं, दातांची अर्धी कवळी, पत्र्याचं बदक. आणि भिंतीला एक जुना फोन होता. नवी यंत्रं जोडली की तपासून पाहायला, थेट वरच्या टेबलावर वाजणारा.

दोन महिन्यांपासून धाकटी इथे येत होती. हातानं शिडी धरून, एकेक पायरी, तोंड भिंतीकडे. इथे कुणी फळं आणून द्यायचं नाही. तिनं खोक्यावर बैठक मारली, पत्र्याचं बदक मांडीवर घेतलं, आणि रडायला सुरुवात केली. हे कुठल्या रकान्यात जातं ते तिला कळेना.

वर काय चाललं होतं ते तिला नंतर कळलं. ती बराच वेळ परत आली नाही हे पाहून आत्याबाई न्हाणीघरापाशी गेल्या. दार आतून बंद होतं. त्यांनी दाराला गाल लावला आणि मुख्याध्यापिकेच्या साऱ्या कारकिर्दीत केलं नव्हतं इतकं मऊ भाषण केलं. या दिवसांत असं होतं, त्या म्हणाल्या, शरीरात मोठी उलथापालथ चालू असते, मन मोकळं करावं, घाई नाही, आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत, जे काही आत साठलंय ते येऊ दे.

"तोच प्रयत्न चाललाय," आतून आजोबा म्हणाले. "तू दारातून हललीस तर जमेल."

आजोबा कोपऱ्यातून उठून केव्हा गेले ते कुणीच पाहिलं नव्हतं. मग सगळ्यांची पळापळ झाली. सासरे गच्चीवर, आत्याबाई रस्त्यावर. सासूबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे गुडघे पळापळीचे नव्हते.

खाली धाकटीनं नाक पुसलं आणि तिची नजर भिंतीवरच्या फोनकडे गेली. का उचलला ते तिला सांगता आलं नसतं. पाच दिवस कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगायला चेहरा नको होता. तिला वाटलं, टेबलापाशी कुणी नसेल. रिकाम्या खोलीत वाजेल आणि बंद होईल. तेवढंही पुरे.

फोन वाजला. चार वेळा. मग कुणीतरी तो उचलला, आणि नुसता श्वास ऐकू आला.

"न-मस्कार," सासूबाईंचा आवाज आला. टेबलावर चिकटवलेलं कार्ड त्या वाचत होत्या, पहिलीतल्या मुलासारखं, एकेक शब्दावर बोट ठेवून. "तुम्ही पडणार नाही आहात. हवा भरपूर आहे. दार हातानं उघडू नका." थोडं थांबून, "मी इथेच आहे, फोन ठेवणार नाही. आता तुम्हाला काय काय दिसतंय ते मला सांगा."

धाकटीला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं आणि दारात अडकलं.

"बदक दिसतंय," ती म्हणाली.

सासूबाईंना पंचेचाळीस वर्षांच्या भांडारातली एकेक वस्तू कुठे आहे ते पाठ होतं. बदक कुठे आहे तेही.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणखी?"

"आणखी काही नाही. आई, मला काहीच वाटत नाही. बाळाबद्दल. सगळ्यांना वाटतं, मला नाही. आनंद नाही, अपार तर नाहीच. मला नुसती भीती वाटते की ते येईल आणि तेव्हाही काही वाटणार नाही. आणि त्याला ते कळेल."

कार्डावर पुढे काही लिहिलेलं नव्हतं. धाकटीनं रिसीव्हर कानाला दाबून धरला. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. मग दूर कुठेतरी फळी सरकली, आणि वरून उजेडात आधी एक चप्पल दिसली, मग ग्रीसचा पदर, मग दुसरी चप्पल.

"आई, तुम्ही नका उतरू. गुडघे..."

"गुडघे माझे आहेत," सासूबाई म्हणाल्या आणि चार पायऱ्यांमध्ये चार वेळा देवाचं नाव घेत खाली पोचल्या. शेजारच्या खोक्यावर बसल्या. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. "कवळी असेल," त्या म्हणाल्या. "जाऊ दे."

त्यांनी बदकावरची धूळ पदरानं पुसली.

"थोरल्याच्या वेळी मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "कुणीतरी पाहुणा सामान ठेवून गेलाय आणि परत न्यायला येत नाहीये. सगळे म्हणायचे किती तेज आलंय तोंडावर. घाम होता तो. धाकट्याच्या वेळीही तेच. झाला, मांडीवर ठेवला. मी म्हटलं, बरंय. सहा महिने सगळं केलं त्याचं, दूध, दुपटी, जागरणं. बरंयच्या पुढे काही नाही. वाटायचं, आपल्यातच काहीतरी बसवायचं राहून गेलंय."

"मग?"

"मग एके दिवशी तो रांगत गेला आणि माझ्या नव्या चपलेचा पट्टा खाल्ला. सगळा. बक्कलसकट तोंडात घेऊन माझ्याकडे बघत बसला. मी त्याच्या तोंडात बोट घातलं, बक्कल काढलं, आणि मला एकदम... " त्यांनी मुठीतले नट या हातातून त्या हातात घेतले. "आता इतकी वर्षं झाली, तेवढंच सांगता येतं. एकदम. चप्पल चांगली होती तरीही."

"कुणाला सांगितलं होतं?"

"कुणाला सांगणार? तुझ्या सासऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी 'ठीक' लिहून सही केली असती."

धाकटी यावर फिसकन हसली आणि लगेच हुंदका आला. सासूबाईंनी तिचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. ग्रीसचा वास आला.

"तुलाही पट्टाच खायला घालावा लागेल असं नाही," त्या म्हणाल्या. "त्या नर्सबाई करतात ना काही? कागद देतात म्हणजे पुढे काही असेलच त्यांच्याकडे."

"बोलायला बोलावतात म्हणे. आठवड्यातून एकदा."

"मग जा. मलाही तेव्हा कुणी बोलावलं असतं तर मी गेले असते. गुडघे चांगले होते."

हा सगळा संवाद टेबलावरच्या उघड्या रिसीव्हरमधून बारीक आवाजात वर येत होता. सासरे गच्चीवरून परतले तेव्हा त्यांनी तो कानाला लावला, ओळखला, आणि पेचात पडले. अडकलेल्या माणसाचा फोन ठेवायचा नाही हा नियम, आणि बायकांचं खासगी बोलणं ऐकायचं नाही हाही. रस्त्यावरून परतलेल्या आत्याबाईंचं म्हणणं, ऐकावं. शेवटी सासऱ्यांनी रिसीव्हर टॉवेलात गुंडाळून खणात ठेवला, आणि खण अर्धा उघडा ठेवला, हवेसाठी.

आजोबा न्हाणीघरातून बाहेर आले ते थेट टेबलापाशी. त्यांनी फॉर्म उचलला, डोळ्यांजवळ नेला. 'अंशतः'. मोजा. 'अपार', लाल रेघेसकट. खाली दोन सह्या. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे. कारखान्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत त्यांनी स्वतः रंगवलेली एक ओळ होती: 'खड्ड्यात उतरल्याशिवाय सही नाही'. तरुणपणी एकदा त्यांनी वरूनच बॅटरी मारून सही केली होती आणि खाली कमरेएवढं पाणी निघालं होतं.

"खाली कोण उतरलं होतं?" त्यांनी विचारलं.

साठीतला मुलगा आणि निवृत्त मुख्याध्यापिका, दोघंही आपापल्या चपलांकडे पाहू लागले.

आजोबांनी दोन्ही सह्यांवर आडवी रेघ मारली. "रद्द," ते म्हणाले आणि घडीच्या खुर्चीवर जाऊन पुन्हा डोळे मिटले.

*

धाकटी शिडीवरून आपली आपण वर आली. सासूबाई नाही. तिसऱ्या पायरीवर त्यांचा गुडघा धरला तो धरलाच. वरही जाईना, खालीही येईना.

"कुणाला तरी बोलवू?" धाकटीनं विचारलं.

"आधी फुलं मोजायला सांग मला," सासूबाई म्हणाल्या.

नवरा सोफावाल्याला सोडवून, वर सोफा तीन मजले पाठीवर वाहून परत आला होता. त्यानं ते दृश्य पाहिलं, मोटार उचलायची साखळीची कप्पी आणली, छताच्या हुकात अडकवली, आणि आईच्या कमरेभोवती रुंद पट्टा बांधला. सासरे एका बाजूनं सूचना देत होते, आत्याबाई दुसऱ्या बाजूनं त्या सूचना सुधारत होत्या. साखळी कडकडली. सासूबाई पायरीवरून वीतभर उचलल्या गेल्या, हळूच गोल फिरल्या, आणि पाठमोऱ्या होता होता म्हणाल्या, "वन्सं, माझं वजन मोठ्यानं वाचू नका."

"मी कुठे वाचतेय, वहिनी? कप्पीवर लिहिलंय."

धाकटीला हसू फुटलं. पोट दोन्ही हातांनी धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोटात कुणीतरी खिळा ठोकला. खिळाच होता अजून. पण ती थांबून त्याचे ठोके मोजत राहिली, चार, पाच, सहा.

साखळी ओढता ओढता नवरा तिच्याजवळ सरकला. खणातून काय काय ऐकू आलं होतं कुणास ठाऊक. "मला का नाही सांगितलंस?" त्यानं हळूच विचारलं.

"तू म्हणाला असतास, ठीक होईल."

त्यानं विचार केला. "हो," तो म्हणाला. "म्हटलं असतं." मग साखळीचे दोन हात ओढून झाल्यावर, "त्या बोलायला बोलावतात तिथे मी आलेलं चालतं का? आत नाही. बाहेर बाकावर."

"बाक अरुंद आहे."

"मी आज पाठीवर सोफा घेऊन जिना चढलोय."

नवा फॉर्म नव्हता, म्हणून साडेतीन वाजता तिनं त्याच कागदाची मागची कोरी बाजू घेतली, बारा आकडे घातले आणि फोनच्या टेबलाशी बसून एकटीनं भरली. कुणी डोकावलं नाही. आत्याबाई मुद्दाम पाठ करून उभ्या होत्या आणि त्यांना ते फार जड जात होतं. पहिल्या प्रश्नापुढे तिनं लिहिलं: होय. आज, सासूबाईंना कप्पीनं वर काढताना. नवव्यापुढे लिहिलं: काही नाही. भीती वाटते. मग थोडं थांबून: आज ठोके मोजले. सहा.

लिहून झाल्यावर तिनं कागद उचलला आणि भांडारात नेला. सासूबाई गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसल्या होत्या. तिनं कागद पुढे केला. त्यांनी सावकाश वाचला, बोट ठेवून, एकेक शब्द. मग तिचं पेन मागितलं.

चार वाजता दवाखान्यात नर्सबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. पुढच्या बाजूचं त्यांना काही कळलं नाही. मोज्याचं तर नाहीच. मागच्या बाजूला मात्र त्या बराच वेळ थांबल्या. सगळ्यात खाली, साक्षीदाराची जागा आखून, तेलकट अंगठ्याच्या ठशाशेजारी कुणीतरी मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत शेरा लिहिला होता:

खाली उतरून पाहिले. ठीक नाही. मी इथेच आहे.